अर्थची तार तुटली तर कळणार कसं?

वणीकडची ओपनकास्ट कोळसा खाण, ऐन पावसाळा, जिकडे बघाल तिकडे काळा चिखल. हे समोर शॉवेल, म्हणजे खोदून उचलणारं मोठं यंत्र, दिसतंय ना, ते डिझेलवर नाही, 6.6 केव्हीच्या, म्हणजे 6,600 व्होल्टच्या लाईनवर चालतं, आणि ती लाईन येते मागे चिखलात लोळणाऱ्या या जाड केबलमधून. ट्रेलिंग केबल म्हणतात हिला. शॉवेल सरकलं की ही पण फरफटत जाते, दगडावर घासते, पाण्यात पडून राहते.

आता हा कापलेला तुकडा जवळून बघा. तीन पॉवरच्या कोर, म्हणजे वीज नेणाऱ्या तारा, शॉवेलची बॉडी जमिनीशी जोडणारी अर्थची तार, आणि ही बारीकशी पायलट कोर. पॉवरची कोर तुटली की शॉवेल थांबतं, लगेच कळतं. अर्थ तुटली तर काहीच होत नाही, शिफ्टभर काम चालूच, आणि मला सगळ्यात भीती याचीच वाटते.

कारण बॉडीत फॉल्ट झाला, म्हणजे वीज शॉवेलच्या बॉडीला लागली, तर करंट परत जायची वाट तीच आहे. ओपनकास्टमध्ये सप्लायच्या न्यूट्रलला रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा रोधक, लावून हा करंट 50 अँपिअरच्या आत ठेवतात, म्हणजे अर्थची वाट 2 ओहमची असली तर बॉडीवर 100 व्होल्ट, आणि तेवढ्यात रिले, म्हणजे करंटवर नजर ठेवणारं उपकरण, लाईन बंद पाडतो. पण अर्थच तुटलेली असेल तर बॉडी 3,800 व्होल्टच्या आसपास चढू शकते, रिलेला पुरेसा करंट दिसेल याची खात्री नाही, आणि तेव्हाच कोणीतरी चिखलात उभं राहून शिडीला हात लावतं.

म्हणून ही पायलट. स्विचमधला रिले हिच्यातून सतत थोडासा एसी करंट सोडत राहतो, तो शॉवेलवरच्या एका छोट्या डायोडमधून जाऊन अर्थच्या तारेने परत येतो. डायोड अर्धीच लहर जाऊ देतो. अर्धी परत आली, सगळं ठीक. काहीच आलं नाही म्हणजे तार तुटली, आणि पूर्ण लहर आली म्हणजे केबल चेपून पायलट मधेच अर्थला टेकलीय. दोन्हीत ट्रिप, म्हणजे लाईन आपोआप बंद. किती साधी आणि किती सुंदर युक्ती आहे ही!

पावसात ट्रिपिंग वाढतं, टार्गेटची घाई असते, मग कोणीतरी म्हणतं पायलटला जंपर मार, म्हणजे वेगळी वायर जोडून ही तपासणीच चुकव. भावांनो, हे अजिबात करू नका, शॉवेल चालेल पण अर्थवर लक्ष ठेवणारं कोणीच उरणार नाही.

आजही ट्रिप झालंय. स्विच बंद करून, लॉक लावून फिटरदादांनी केबल जोडणारा कपलर उघडलाय. ही पायलटची पिन मुद्दाम आखूड असते, कपलर ओढला गेला तर आधी हीच सुटते आणि पॉवरच्या पिना सुटायच्या आत लाईन जाते. बघा, हिरवी पडलीय. दादा पॉलिश पेपरने घासतायत, पुसतायत, पुन्हा बघतायत. कपलर बसला, लॉक निघालं, रिसेट केलं, आणि शॉवेलची बकेट वर उचलली गेली.