चुन्यानं धरलेली भिंत

(दृश्य: ओव्हल मैदानावरून पश्चिम बाजू)

मुंबई उच्च न्यायालय. लांबी ५६२ फूट, मधला मनोरा १७५ फूट. आराखडा कर्नल जेम्स फुलर यांचा. काम एप्रिल १८७१ला सुरू झालं, नोव्हेंबर १८७८ला संपलं. १० जानेवारी १८७९पासून न्यायदान इथंच चालतं. मनोऱ्यालगतच्या दोन अष्टकोनी बुरुजांवर न्याय आणि करुणा उभ्या आहेत.

(दृश्य: खांबाचा माथा, जवळून)

हातात तराजू, एका डोळ्यावर पट्टी: हा न्यायाधीश माकड आहे. काळ्या बेसॉल्टवर नक्षी काढायला फार वेळ लागतो. पोरबंदरचा चुनखडी दगड छिन्नीचं ऐकतो. पण तो पाणीही पितो. पाऊस थेट लागतो तिथं त्याच्या कडा झिजतात, आडोशाला धुराची काळी खपली धरते.

(दृश्य: भिंतीच्या दरजा)

या भिंतीचा जीव चुन्यात आहे. आत शिरलेली ओल चुन्याच्या दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडते. त्याच दरजा सिमेंटनं बुजवल्या की ओल दगडातून वाट काढते, क्षार आतच साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सिमेंटची दरज मात्र शाबूत राहते, म्हणून काम पक्कं झाल्यासारखं वाटतं!

दुरुस्ती करताना दरज हातछिन्नीनंच उकरायची, रुंदीच्या निदान दुप्पट खोल. ग्राइंडर लावला की दगडाची कड गेलीच. मग धूळ धुवायची, दगड ओलसर ठेवायचा. एक भाग पाण्यात मुरलेला चुना, दोन ते तीन भाग धुतलेली वाळू. पाणी बेतानंच, नाहीतर वाळताना भेगा पडतात. थराथरानं दाबून भरायचं आणि किमान आठवडाभर ओलं गोणपाट टांगायचं. भर उन्हात हे काम करू नये, पावसात तर नाहीच.

(दृश्य: छज्ज्यातला पिंपळ)

हा वरून छाटला तर दुप्पट फुटतो. मूळ भिंतीत खोल गेलं असेल तर दगडांवर क्रमांक घालून ते उतरवायचे, मूळ काढायचं आणि दगड त्याच जागी चुन्यात बसवायचे. एसीच्या नळ्यांसाठी दगडाला भोकं पाडू नयेत; त्या खिडकीच्या लाकडी चौकटीतून नेता येतात.

२०१८पासून ही वास्तू जागतिक वारशात आहे. नव्या संकुलाची पायाभरणी नोव्हेंबर २०२५मध्ये वांद्र्याला झाली. न्यायालय तिकडे गेलं तरी इथल्या पन्हळी दर मे महिन्यात साफ कराव्याच लागतील. एक पन्हळ तुंबली, तरी खालची सगळी भिंत पावसाळाभर भिजते.