आधी कातडी, मग हाडं
(बडोद्यातल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'फायबरग्लासची गाडी घरच्या घरी रंगासाठी कशी तयार करावी'. तेच सांगणार आहे. पण मी गाडीवाली नाही, मूर्तिकार आहे. इथल्याच फाइन आर्ट्सला शिकले आणि तीसएक वर्षं माझे हात रेझिनमध्ये, म्हणजे हार्डनर घातला की घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात आहेत. म्हणून आधी जरा पुतळ्याकडे चला.

पत्र्याच्या गाडीत आधी पत्रा, मग अस्तर, मग रंग. फायबरचं उलटं, पुतळा असो की गाडी. साच्याला आतून मेण चोळायचं, म्हणजे माल सुटतो. त्यावर पहिला हात जेलकोटचा, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या गुळगुळीत रेझिनचा, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो चिकटसर झाला की काचेच्या तंतूंची चटई, म्हणजे मॅट, पॉलिएस्टर रेझिन, रोलर. पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. साच्यातून काढलं की सगळ्यात आधी लावलेला जेलकोट सगळ्यात वर येतो. कातडी आधी जन्मते, हाडं मागून येतात. आणि ही कातडी एकदाच मिळते. मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे.

ही पद्धत काही नवी नाही. १९५३ साली शेवरोलेनं पहिली कॉर्व्हेट काढली तीही फायबरग्लासची, त्या वर्षी फक्त ३०० गाड्या, सगळ्या पांढऱ्या. पत्रा दाबून आकार देणारे लोखंडी साचे, म्हणजे डाय, फार महाग पडतात; फायबरचा साचा स्वस्त, ज्याला थोड्याच गाड्या करायच्यात त्याला साचा परवडतो. आपल्याकडे १९९८ साली सॅन स्टॉर्म आली ती अशीच, दोन सीटची, रेनोचं ११४९ सीसी इंजिन. आमच्या दादानं निवृत्तीनंतर हीच घेतली, जुनी, लाल, अंगावर कुणीकुणी मारलेल्या रंगाचे थर.

त्यानं ती एका गॅरेजला दिली. नाव घेत नाही. पत्र्याचं काम त्यांचं खरोखर उत्तम होतं. मी तिसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले, तर बॉनेटवर पेंट रिमूव्हर ओतलेला. रंग सायीसारखा सुटून आला म्हणून पोरगा खूश. त्यानं दुसरा हात ओतला आणि सगळे जेवायला बसले. मी बॉनेटला नख लावलं आणि नख आत गेलं! जेलकोट भिजल्या पापडासारखा, खाली पांढरे तंतू उघडे. मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत पाइप लावून धुऊनही टाकलं. काचेचे तंतू वातीसारखं पाणी ओढतात हो! वर पुट्टी बसली, रंग बसला, गाडी आरशासारखी झाली, दादानं पेढे वाटले. वैशाखात बॉनेटभर मोहरीएवढे फोड. टाचणीनं एक फोडला तर आतून ओल, आणि त्याच रिमूव्हरचा वास. दादा त्या दिवशी जेवला नाही.

त्या पोरावर माझा राग नाही. त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं. ज्या गावात सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं, जिथं दादासाहेब फाळके शिकून गेले, त्या गावात रंगकाम करणाऱ्याला रसायन कशावर चालतं नि कशावर नाही हे सांगणारं कुणी नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. यावर खूप बोलता येईल, पण अध्यक्षांची चिठ्ठी आली. आठ मिनिटं. बरं.

भराभर घ्या. दिवे, रबर, पट्ट्या सगळं उतरवा. घासण्याआधी साबणानं धुवा, मग मेण-तेल काढणाऱ्या द्रावणानं पुसा. एका फडक्यानं ओलं, दुसऱ्यानं लगेच कोरडं. आधी घासलंत तर पॉलिशमधलं सिलिकॉन आत रगडलं जातं आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. जाड थर ब्लेडच्या खरवडणीनं, अगदी आडवी धरून, तिचे कोपरे आधी गोल करून. मग ८० नंबरचा पेपर लांब लाकडी ठोकळ्यावर, कोरडाच. जुनं अस्तर दिसलं की १८० वर या. जेलकोट लागला की थांबा. हीट गन नको, वाळूचा मारा नको. कडांवर आधी टेप लावा, तिथं कातडी लगेच जाते.

बोल्टांभोवती, दिव्यांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसतील. नुसती पुट्टी भरलीत तर त्या परत वर येतात. चीर संपते तिथपर्यंत व्ही आकारात कोरा, मागच्या बाजूनं थर द्या. इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन. पॉलिएस्टरवर इपॉक्सी धरते, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. इपॉक्सी वापरणार असाल तर विणलेलं कापड घ्या. साध्या मॅटचे तंतू धरून ठेवणारा बांधक पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं. पॉलिएस्टरचा हार्डनर आणि ते लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात तो कोबाल्ट कधीही थेट एकत्र करू नका, स्फोट होतो.

उघडी बॉडी काही दिवस उन्हात वाळवा; बडोद्याच्या पावसाळ्यात हे काम काढूच नका, हिवाळा बरा. मग इपॉक्सी अस्तराचे दोन हात, वर जाड प्रायमर, त्यावर काळ्या रंगाची हलकी धूळ उडवायची. घासताना काळं उरेल तिथं खड्डा. पेपर ३२०, मग ४००, मग ६००. गडद रंग टाळा, उन्हात तापून खालच्या काचेची वीण वर उमटते.

आणि हे कृपा करून ऐका. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही. तयारी घरी करा, फवारणी बूथवाल्याला द्या.

दादाच्या जुन्या बॉनेटचा साचा काढून मी नवं ओतलं. जुन्याचा एक तुकडा बाहेर टेबलावर ठेवलाय. नख लावून बघा. कडांना तंतू आहेत, हात थंड पाण्यानं धुवा, चोळू नका.