शंभर येनचा भाव

श्रोतेहो, नमस्कार.

जपानचं एक येनचं नाणं तळहातावर ठेवलं तर काही ठेवलंय असं वाटतही नाही. ॲल्युमिनियमचं, वजन बरोबर 1 ग्रॅम, एका बाजूला कोवळं रोप कोरलेलं. आपल्या हिशेबानं ते रुपयाहूनही कमी किमतीचं. मग मनात येतं, एवढ्या संपन्न देशाचं चलन आपल्या रुपयापेक्षा हलकं कसं?

गल्लत होते ती इथेच. जपानमध्ये पूर्वी येनचा शंभरावा भाग, ‘सेन’, चालायचा. 1953 च्या अखेरीस तो चलनातून गेला आणि येन हेच सर्वांत लहान नाणं उरलं. म्हणून आपल्याकडे रुपयात अधिकृतपणे जाहीर होणारा संदर्भ दरही एका येनचा नव्हे, 100 येनचा सांगतात. सोनं तोळ्यात मोजा की ग्रॅममध्ये, सोनं तेवढंच. येन लहान आहे याचा अर्थ तो कमजोर आहे, असा नाही. कालच्यापेक्षा आज तो कुठे सरकला, हे बघायचं.

1949 मध्ये एका डॉलरला 360 येन असा दर ठरवून दिला होता. 1973 पासून तो बाजारावर सोडला. 1985 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात डॉलर स्वस्त करण्यासाठी पाच देशांचा करार झाला, तेव्हा डॉलरला सुमारे 240 येन पडत. दोन-अडीच वर्षांत ते 120-130 वर आले. 2011 च्या ऑक्टोबरात तर जेमतेम 75. आणि जुलै 2024 मध्ये 161 च्या वर. ऐकताना एक लक्षात ठेवा, इथे आकडा चढला की येन उतरलेला असतो. जपानी लोक त्यासाठी दोन शब्द वापरतात, महाग येन म्हणजे ‘एन्दाका’ आणि स्वस्त येन म्हणजे ‘एन्यासु’.

एवढा उतार का? मुख्य कारण व्याजाचं. मार्च 2022 पासून अमेरिकेनं व्याजदर वाढवत पाच टक्क्यांच्या वर नेला. जपानची मध्यवर्ती बँक असलेल्या बँक ऑफ जपाननं मात्र आपला दर मार्च 2024 पर्यंत शून्याच्याही खाली ठेवला. साहजिकच, स्वस्तात येन उसने घ्यायचे, ते विकून डॉलर घ्यायचे आणि तिकडचं व्याज खायचं, हा धंदा फोफावला. येन विकणारे वाढले, भाव पडला.

याचा फायदा कोणाला? अमेरिकेत 20 हजार डॉलरला गाडी विकणाऱ्या जपानी कारखानदाराला डॉलर 80 येनला असताना 16 लाख येन मिळत, 160 झाल्यावर 32 लाख. पण जपान जवळजवळ सगळं तेल बाहेरून आणतो. 80 डॉलरचं पिंप आधी 6,400 येनला पडायचं, ते 12,800 ला पडू लागलं. वीज, पेट्रोल, पीठ, तेल सगळं त्याच वाटेनं महागतं. ज्या घरांत वर्षानुवर्षं पगार फारसे वाढले नाहीत, तिथे ही झळ पहिली लागते. स्वस्त येनचं कौतुक करताना मला ती घरं आधी आठवतात.

आता आपल्याकडे या. 2012 मध्ये डॉलर साधारण 53 रुपयांना होता, 2024 च्या जुलैत 83 च्या वर गेला. म्हणजे रुपया घसरला. पण त्याच काळात 100 येनचा भाव साधारण 66 रुपयांवरून 52 च्या आसपास आला! येन रुपयाहून जास्त घसरला, म्हणून त्याच्यापुढे रुपया वधारला. नुसता ‘रुपया पडला’ म्हणून चालत नाही. कोणासमोर पडला, हे विचारावं लागतं.

साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, बहर पाहायला निघालेल्या आपल्या माणसांना ही पर्वणी वाटली. पण तोक्योत नोकरी करणारा मुलगा पुण्याला आईवडिलांकडे महिना 50 हजार येन पाठवत असेल, तर पूर्वीच्या भावानं घरी 33 हजार रुपये पोचले असते. 2024 च्या त्या जुलैत 26 हजार पोचले. मुलानं मात्र तेवढेच येन पाठवले होते.

नमस्कार.