स्वारगेटपर्यंतचे तिकीट

सकाळचे साडेनऊ वाजले आहेत. पुण्यात धायरीहून स्वारगेटकडे निघालेल्या पीएमपीच्या शहर बसमध्ये खिडकीशी बसलेल्या या गृहस्थांचे फक्त हात आमच्या कॅमेऱ्यात दिसतात, कारण चेहरा दाखवू नये अशी त्यांची इच्छा आहे. तिकीट त्यांनी दोनदा घडी करून खिशात ठेवले, पुन्हा काढून पाहिले आणि आता मुठीत धरले आहे. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचे निदान झाल्यानंतर कित्येक वर्षे ते सोबतीशिवाय घराबाहेर पडले नव्हते.

कानात येणारे आवाज थांबले, झोप लागू लागली, की वैद्यकीय नोंदीत सुधारणा लिहिली जाते. समाजशास्त्राचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. घरातला थोरला भाऊ, गणपतीच्या वर्गणीची पावती फाडणारा कार्यकर्ता, उसनवारी करता येईल असा शेजारी, ही नाती आजारपणात एकेक करून सुटत जातात आणि औषधाने ती परत येत नाहीत. ती भोवतालच्या माणसांनीच परत द्यावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस ९ देशांत सुरू केलेल्या स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासात आग्र्याचाही समावेश होता, आणि भारत व नायजेरियातील रुग्णांची पुढील वाटचाल श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा बरी आढळली. कारणांविषयी अभ्यासकांत अजूनही वाद आहे; परंतु घराने आणि कामाने माणसाला सामावून घेणे, हे त्यांतील एक मानले गेले.

पुण्यात हे सामावून घेणे मुद्दाम घडवावे लागले. कॅनडात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने १९९७ साली येथे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली. तिच्या स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. ‘वेडा’ हा शब्द जिथे येता-जाता फेकला जातो, तिथे हे दोन शब्द रुळणे ही आम्हाला मोठी गोष्ट वाटते.

आता कागदी पिशव्या बनवण्याच्या या टेबलाकडे पाहू. एक शुभार्थी जुन्या वर्तमानपत्राचे पान पट्टीने दुमडतात, दुसऱ्या बोटाने मैद्याची खळ लावतात, तिसरे तळ बसवून पिशवी हाताने दाबतात आणि शेवटचे पन्नासाचा गठ्ठा सुतळीने बांधतात. खळ जास्त झाली तर कागद ओला पडतो, कमी झाली तर तळ सुटतो. पिशवी सदोष असेल तर दुकानदार ती परत पाठवतात, आणि इथे तेच मोलाचे आहे. ज्याच्या कामाची मोजदाद होते, त्याला जबाबदार माणूस धरले जाते. एखादा आला नाही तर शेजारचा विचारतो, ‘आज कुठे गेले?’

येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या फाटकाबाहेर आमचा कॅमेरा थांबतो. केवळ कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कोणालाही मानसिक आरोग्य संस्थेत ठेवता येणार नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. तरीही बरे झालेली, पण घरून न्यायला कोणीच न आलेली माणसे देशभरातील अशा रुग्णालयांत आहेत.

बस स्वारगेटला पोहोचते. मांडीवरची पिशवी सावरत ते गृहस्थ उतरतात आणि दुकानात गठ्ठा देतात. दुकानदार मोजतात, पुन्हा मोजतात.

‘काका, एक कमी आहे.’

‘उद्या आणून देतो.’