युगेंडआम्टच्या टेबलावर आपणही बसायचं असतं

जर्मनीतल्या मराठी आईबाबांच्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर युगेंडआम्टचं, म्हणजे मुलांचं आणि तरुणांचं बघणाऱ्या सरकारी ऑफिसचं, नाव निघालं की पहिला मेसेज ठरलेला, अरे बापरे, ते मुलं उचलून नेतात. भीती अगदीच खोटी नाहीये. मुलाला तातडीचा धोका असेल तर त्याला ताब्यात घ्यायचा अधिकार या ऑफिसला खरंच आहे, आईबाबांनी विरोध केला तर प्रकरण फॅमिली कोर्टात जातं. पण ज्या कायद्यात हे आहे त्याच कायद्याचं २७ वं कलम म्हणतं की मूल वाढवताना मदत लागत असेल तर ती मागणं हा आईबाबांचा हक्क आहे, आणि ग्रुपवर याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. बरं कायदा काही कालपरवाचा नाही, पश्चिम जर्मनीत १ जानेवारी १९९१ पासून लागू आहे, पूर्वेकडे त्याच्याही थोडा आधी.

समजायला सोपं जावं म्हणून एक घर डोळ्यासमोर आणूया. पुण्याहून आलेलं, बाबा आयटीत, आई घरी, मुलगा तेरा वर्षांचा. इथे आला तेव्हा जर्मनचा गंध नव्हता, वर्गात कोणी बोलत नाही, आणि हळूहळू सकाळी उठायचंच बंद झालं. पोट दुखतंय, डोकं दुखतंय. इथे शाळा सक्तीची असते, घरी शिकवतो म्हणून चालत नाही, त्यामुळे शाळेची पत्रं यायला लागतात आणि घरात रोज सकाळी आरडाओरडा. एखादा फटकाही बसतो. आपल्याकडे म्हणतात ना, दोन फटके दिले तर काय बिघडलं. इथे बिघडतं, २००० सालापासून मारहाणीशिवाय वाढण्याचा मुलांचा हक्क कायद्यातच आहे, आणि मला विचाराल तर तो असायलाच हवा.

मग आईबाबा मदत मागतात. किंवा शाळा सुचवते. कोणत्या प्रकारची मदत हे एकटा अधिकारी ठरवत नाही, मदत लांबणार असेल तर ऑफिसातले अनेक जाणकार मिळून ठरवतात, आणि मग एक मीटिंग होते ज्यात आई, बाबा, मुलगा, ऑफिसची केसवर्कर आणि मदत करायला ज्या संस्थेची बाई घरी येणार ती, असे सगळे एकत्र बसतात. तिथे जो कागद तयार होतो तो हिल्फेप्लान, म्हणजे मदतीचा आराखडा. अडचण काय, मदत कुठली, कोणी नेमकं काय करायचं, सगळं त्यात.

आता या कागदावर "पालकांनी मुलाशी संवाद वाढवावा" असं लिहिलं तर त्याचा काडीचा उपयोग नाही. उपयोगाचं काय, तर रात्री साडेनऊला सगळ्यांचे मोबाइल, बाबांचा पण, किचनच्या ड्रॉवरमध्ये. सकाळी उठवायला आई नाही, बाबा जाणार. संस्थेची बाई आठवड्यातून दोनदा संध्याकाळी येणार आणि शाळेशी पहिलं बोलणं आईसोबत बसून करणार. आणि मुलाला विचारल्यावर तो खाली बघत म्हणतो, जेवताना मार्कांचा विषय नको, गुरुवारी फुटबॉल पाहिजे. तेही लिहायचं, त्याच्याच शब्दांत! त्याला विचारणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि माझ्या मते अख्ख्या कागदातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

पण एक सांगते, त्या टेबलावर सगळ्यांचं वजन सारखं नसतं. भाषा त्यांची, नियम त्यांचे, आणि आपली माणसं घाबरून ओके ओके करत सही करून मोकळी होतात. तसं करू नका. मीटिंगला आपल्या विश्वासाचा एक माणूस सोबत नेता येतो, तो हक्क आहे. दुभाषा आधीच मागून ठेवा, आणि मुलाला दुभाषा करू नका हो, आपल्याबद्दलचीच तक्रार त्याने आईला मराठीत सांगायची म्हणजे काय हाल होतात त्या पोराचे. कळलं नाही तर पुन्हा विचारा, समजेल अशा भाषेत सांगणं २०२१ च्या दुरुस्तीनंतर स्पष्टपणे त्यांचं काम आहे. पटली नाही तर संस्था बदलून मागता येते, खर्च फार वाढत नसेल तर. ऑफिसशीच वाजलं तर स्वतंत्र ओम्बुड्स केंद्रं, म्हणजे अशा तक्रारीत सल्ला देणारी केंद्रं, आहेत, तिथे जाता येतं.

घरी येणाऱ्या या मदतीचे पैसे द्यावे लागत नाहीत. मूल घराबाहेर ठेवायची वेळ आली तर मात्र आईबाबांच्या उत्पन्नाप्रमाणे हिस्सा द्यावा लागतो.

साधारण सहा महिन्यांनी सगळे पुन्हा बसतात, काय जमलं काय नाही ते बघतात, ड्रॉवरचा नियम चालला नसेल तर दुसरं काही ठरवतात, गरज उरली नसेल तर मदत थांबते.

आणि ज्यांना त्या ऑफिसच्या दारात जायचीच हिंमत होत नाही त्यांच्यासाठी, मूल वाढवण्याबद्दल सल्ला देणारी केंद्रं बहुतेक शहरांत आहेत. फुकट आहेत, आधी ऑफिसकडे अर्ज करावा लागत नाही, सरळ फोन करून वेळ घ्यायची, आणि तिथल्या लोकांवर गुप्ततेचं बंधन असतं. पोट दुखायला लागलं त्या पहिल्या महिन्यातच हा फोन करता येतो, शाळेच्या पत्राची वाट बघायची गरज नाही.