आठ मात्रा आणि दोन इंजिनं

(पुण्यात मोटरसायकलप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, नमस्कार. सुरुवातीला तुमच्याकडून एक काम करून घ्यायचंय. केरवा सगळ्यांच्या कानावरून गेलेला आहे, भजनात म्हणा, वरातीत म्हणा. आठ मात्रांचा ताल. मी एक ते आठ मोजतो, तुम्ही सांगेन त्या मात्रेवर टाळी द्या. आधी एक, तीन, पाच, सात. पुन्हा एकदा, न थांबता. छान. आता फक्त एक आणि चार. बाकीच्या मात्रांना हात गप्प. एक, दोन, तीन, चार… पाच ते आठ काही नाही… पुन्हा एक. बरोबर.

पहिली टाळी इनलाइन-फोरची होती, म्हणजे एका ओळीत चार सिलिंडर असलेल्या इंजिनाची. दुसरी व्ही-ट्विनची, म्हणजे दोन सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’सारखे बसवलेल्या इंजिनाची.

फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक आवर्तन क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याच्या, दोन फेऱ्यांत पुरं होतं, म्हणजे ७२० अंशांत. त्याचे आठ भाग केले की एक मात्रा ९० अंशांची. नेहमीच्या इनलाइन-फोरमध्ये दर १८० अंशांनी एका सिलिंडरमध्ये स्फोट होतो, म्हणून एक, तीन, पाच, सात. ९० अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये पहिल्या स्फोटानंतर दुसरा २७० अंशांनी येतो आणि पुढचे ४५० अंश काहीच नाही. तीन मात्रा आणि पाच मात्रा. गॅरेजमध्ये आपण ‘फायरिंग’ म्हणतो ते हेच. इनलाइन-फोरचं फायरिंग वर गेलं की एकसंध किंकाळी होते, कारण सगळी अंतरं सारखी. व्ही-ट्विनचं कितीही वर गेलं तरी त्यातली खाच कानाला कळते.

मला आज जे सांगायचंय ते आत्ताच सांगून टाकतो. स्पोर्ट मोटरसायकलींच्या जगात व्ही-ट्विन मागे पडली. पण तिचा ताल जिंकला. जिने तिला मागे टाकलं, त्या इनलाइन-फोरनेच तो उचलला.

आधी या पुठ्ठ्याच्या चकत्या बघा. पुढच्या रांगेतून मागे पाठवा. दोन मोठ्या आहेत, प्रत्येकी ९४ मिलिमीटर व्यासाच्या. या १९९४ च्या डुकाटी ९१६ च्या पिस्टनच्या मापाच्या. चार लहान आहेत, ७२ मिलिमीटरच्या. त्या सुझुकी जीएसएक्स-आर ७५० च्या, १९९६ मध्ये नव्याने आलेल्या मॉडेलच्या. एक वाटीएवढी, दुसरी फुलपात्राच्या तोंडाएवढी. आता क्षेत्रफळ मोजा. दोन मोठ्यांचं मिळून भरतं सुमारे १३९ चौरस सेंटिमीटर. चार लहानांचं सुमारे १६३. म्हणजे ७५० सीसीच्या इंजिनाचं पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ ९१६ सीसीच्या इंजिनापेक्षा जास्त! पिस्टनच्या डोक्यावर जेवढी जागा, तेवढी व्हॉल्व्हना जागा, आणि जेवढे व्हॉल्व्ह मोठे, तेवढी हवा आत.

दुसरी गोष्ट स्ट्रोकची. ९१६ चा पिस्टन वरून खाली ६६ मिलिमीटर जातो, जीएसएक्स-आरचा ४६. डुकाटी ९,००० आरपीएमवर फिरत असेल तेव्हा तिच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९.८ मीटर होतो. सुझुकीच्या पिस्टनला तोच वेग गाठायला जवळजवळ १३,००० आरपीएमपर्यंत जावं लागतं. दोन्ही इंजिनांतल्या धातूवर ताण साधारण सारखाच, पण एकाच मिनिटात एकाला ४,००० फेरे जास्त मिळाले. ताकद म्हणजे टॉर्क, म्हणजे क्रँक फिरवणारा जोर, गुणिले फेरे, त्यामुळे लहान इंजिन मोठ्याच्या बरोबरीला येतं. इनलाइन-फोरचं सगळं सामर्थ्य या हिशेबात आहे. होंडाने १९६९ मध्ये सीबी७५० आणली, कावासाकीने १९७२ मध्ये ९०३ सीसीची झी-१ आणली, आणि पुढची सगळी जपानी घोडदौड याच गणितावर झाली.

म्हणूनच १९८८ मध्ये वर्ल्ड सुपरबाइक, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या गाड्यांवर बेतलेल्या गाड्यांची जागतिक स्पर्धा, सुरू झाली तेव्हा नियम असा केला की चार सिलिंडर असतील तर ७५० सीसी, दोन असतील तर १,००० सीसीपर्यंत मोकळीक. चकत्या हातात घेतल्यावर हा नियम पक्षपाती वाटत नाही. पण निकाल बघा. १९९० ते २००२ ही तेरा वर्षं. त्यांतली अकरा विजेतेपदं व्ही-ट्विनची. १९९७ ला होंडाच्या व्ही-फोरवर, म्हणजे चार सिलिंडरच्या व्ही इंजिनावर, जॉन कोसिन्स्की जिंकला. इनलाइन-फोरला या तेरा वर्षांत एकच विजेतेपद, १९९३ चं, कावासाकीवर स्कॉट रसेलचं. कार्ल फोगार्टी एकट्याने डुकाटीवर चार वेळा जिंकला. आणि २००० साली तर सीबी७५० काढणाऱ्या होंडाने स्वतःच ९९९ सीसीची व्ही-ट्विन मैदानात उतरवली, व्हीटीआर १००० एसपी. कॉलिन एडवर्ड्सने तिच्यावर २००० आणि २००२ ची विजेतेपदं घेतली. ज्या कंपनीने जगाला इनलाइन-फोरची सवय लावली, तिने अशी पावलं टाकावीत, ही मला त्या काळातली सगळ्यात बोलकी घटना वाटते.

नियमाने २५० सीसी जास्त दिले म्हणून व्ही-ट्विन जिंकली, असं काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण तेवढंच नाही. एक कारण बांध्याचं. दोन सिलिंडर एकामागे एक, त्यामुळे क्रँक आखूड आणि गाडी कंबरेला बारीक. मास्सिमो ताम्बुरिनीने ९१६ आखली तेव्हा सायलेन्सरसुद्धा सीटखाली नेले, गाडीच्या दोन्ही कुशी मोकळ्या ठेवल्या. अर्थात त्याची किंमत लांबीत मोजावी लागते. डुकाटीचा पुढचा सिलिंडर जवळजवळ आडवा झोपलेला असतो, तिची इंजिनं आखणाऱ्या फाबिओ टाल्योनीच्या काळापासून तसाच, आणि त्याचं डोकं पुढच्या चाकाच्या आड येतं. जागेची ही मारामारी एकामागे एक सिलिंडर असलेल्या ९० अंशांच्या व्ही-ट्विनला सहसा चुकत नाही.

दुसरं कारण वळणातून बाहेर पडतानाचं. ते मला कागदावर कळलं नव्हतं. ते पसरणीच्या घाटात कळलं.

साताऱ्याकडच्या वाईला २०११ पासून काही काळ हायोसंगची जीटी ६५० आर जुळवली जायची. ६४७ सीसी, ९० अंशांची व्ही-ट्विन. एका मित्राकडे ती होती, दुसऱ्याकडे ६०० ची इनलाइन-फोर. वाई ते पाचगणी आम्ही गाड्या बदलून बदलून चढलो. पसरणीची वळणं तुम्हाला माहीत आहेत, एक संपलं की लगेच दुसरं. इनलाइन-फोरवर वळणातून बाहेर येताना आरपीएम ४,००० वर असेल तर ती झोपेत असायची. दुसरा गिअर टाकून, आवाज चढवून तिला जागं करावं लागायचं, आणि जागी झाली की पुढचं वळण आलेलं. तिची खरी जागा १०,००० च्या पुढे, आणि तिथे जायला घाटात रस्ताच नाही. व्ही-ट्विनवर तिसऱ्या गिअरमध्येच राहिलो. अ‍ॅक्सिलरेटर करंगळीएवढा पिळला की मागचं टायर तेवढंच ढकलायचं. हाताने मागितलं तेवढंच मिळत होतं, कमी नाही, जास्त नाही. अर्ध्या घाटात मी आरपीएमच्या काट्याकडे बघायचंच विसरलो.

खालच्या वेगात टॉर्क जास्त असतो म्हणून असं होतं, हे उत्तर सोपं आहे आणि अर्धं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी इनलाइन-फोरच्या पोटात जाऊ.

नेहमीच्या इनलाइन-फोरमध्ये क्रँकच्या पिना, म्हणजे पिस्टनचे दांडे जिथे जोडलेले असतात त्या जागा, एकाच पातळीत असतात. दोन पिस्टन वर असतात तेव्हा दोन खाली. दिसायला तोल सुंदर. पण नीट बघा, चारही पिस्टन एकाच क्षणी थांबतात, दोन वरच्या टोकाला, दोन खालच्या. आणि चारही पुन्हा एकदमच धावायला लागतात. थांबताना ते आपली ऊर्जा क्रँकला देतात, धावताना क्रँककडून काढून घेतात. प्रत्येक फेऱ्यात दोनदा ही देवाणघेवाण. क्रँक सारखा ओढला जातो आणि ढकलला जातो, आणि इंजिनाचा वेग दुप्पट झाला की ही ओढाताण चौपट होते. चाकापर्यंत पोचणाऱ्या जोरात ती मिसळते. म्हणजे तुमचा हात अ‍ॅक्सिलरेटरवर एक सांगतोय आणि टायरपाशी त्यात भलतंच काही ऐकू येतंय.

९० अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये एक पिस्टन थांबतो तेव्हा दुसरा जवळजवळ पूर्ण वेगात असतो. एकाने दिलेलं दुसरा घेतो. क्रँकला फारसं काही कळतच नाही. टायरपर्यंत पोचतो तो स्फोटांचा जोर, बराचसा निर्मळ.

मोटोजीपी म्हणजे खास शर्यतीसाठीच बनवलेल्या गाड्यांची जागतिक स्पर्धा. तिथल्या यामाहाच्या प्रकल्पाचे तेव्हाचे प्रमुख मासाओ फुरुसावा यांनी नेमकं हेच पकडलं. स्फोटाचा टॉर्क रायडरच्या कामाचा, पिस्टनच्या जडत्वाचा टॉर्क म्हणजे त्यातला गोंगाट, अशी त्यांची मांडणी. त्यांनी इनलाइन-फोरच्या क्रँकच्या पिना ९०-९० अंशांवर फिरवल्या. चार सिलिंडर एका ओळीतच, पण आता चारही पिस्टन एकदम थांबत नाहीत, दोन थांबतात तेव्हा दुसरे दोन धावत असतात. याला क्रॉसप्लेन क्रँक म्हणतात. व्हॅलेंटिनो रॉसी २००४ मध्ये होंडा सोडून यामाहाकडे आला, याच जातीच्या इंजिनावर दक्षिण आफ्रिकेतल्या वेलकमची पहिलीच शर्यत जिंकला आणि वर्षअखेर विजेता झाला. २००९ मध्ये तो क्रँक दुकानात विकल्या जाणाऱ्या यामाहा आर-१ मध्ये आला. त्याच वर्षी बेन स्पीसने तिच्यावर वर्ल्ड सुपरबाइक जिंकली.

आता पुन्हा हात वर घ्या. आर-१ च्या स्फोटांमधली अंतरं आहेत २७०, १८०, ९०, १८०. आपल्या मात्रांत एक, चार, सहा, सात. वाजवा. पुन्हा. त्यातल्या पहिल्या दोन टाळ्या ऐकल्यात? एक आणि चार. व्ही-ट्विन तिथे बसलेली आहे.

फुकट काही मिळत नाही. पिना अशा फिरवल्यावर इंजिन दोन टोकांवर डुलायला लागतं आणि ते डुलणं मारायला बॅलन्सर शाफ्ट घालावा लागतो. साध्या इनलाइन-फोरला त्याची सहसा गरज नसते, तिला फक्त दुप्पट वेगाची ती बारीक झिणझिण असते, हँडलवर बोटं बधिर करणारी.

असमान स्फोटांमुळे टायरला मधे विश्रांती मिळते आणि म्हणून पकड वाढते, असंही एक मत आहे. १९९२ मध्ये होंडाने आपल्या शर्यतीच्या एनएसआर ५०० चे चारही स्फोट जवळजवळ आणले तेव्हापासून ते जोरात आहे. माझा कल फुरुसावांच्या बाजूला आहे. टायर विश्रांती घेत असेल, पण पसरणीत माझ्या हाताला जे जाणवलं ते विश्रांतीने समजावता येत नाही. ते जाणवलं होतं हातातल्या नेमकेपणात.

मग व्ही-ट्विन मागे का पडली? २००३ पासून चार सिलिंडरनाही १,००० सीसी मिळाले. चकत्यांचं गणित आठवा, बरोबरीच्या सीसीत दोन सिलिंडर पुरे पडत नाहीत. २००८ मध्ये ट्विनला १,२०० सीसी दिले. २०११ मध्ये कार्लोस चेका डुकाटी १०९८ आर वर जिंकला आणि त्यानंतर त्या स्पर्धेत व्ही-ट्विनचं विजेतेपद झालं नाही. रस्त्यावरच्या १२९९ पानिगालेमध्ये पिस्टन ११६ मिलिमीटरचा झाला. ती चकती मी आज आणली नाही, पण नाश्त्याची बशी डोळ्यासमोर आणा. एवढ्या रुंद पिस्टनवर ज्योत कडेपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि इंजिनाचा वेग वाढेल तसा त्यासाठी मिळणारा वेळ कमी होत जातो. २०१८ मध्ये डुकाटीने आपल्या सगळ्यात मोठ्या स्पोर्ट बाइकला व्ही-फोर बसवलं. पण त्याचे स्फोट कसे लावले? ०, ९०, २९०, ३८०. दोन-दोनच्या जोड्यांत. केरव्याच्या मात्रांत ते नेमकं बसत नाही, पण डोळे मिटून ऐकलं तर ट्विन ऐकू येते. कंपनीने त्याला नावच ‘ट्विन पल्स’ दिलं.

देखभालीबद्दल थोडक्यात. इनलाइन-फोरचं एकच डोकं, दोन कॅमशाफ्ट, बहुतेक एकच चेन. टाकी आणि एअरबॉक्स काढला की टॅपेट सेटिंगला, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप तपासायला, फिलर गेज घेऊन सोळा व्हॉल्व्ह एका ओळीत. व्ही-ट्विनची डोकी दोन, आणि मागचं सीटखाली अडकलेलं. डेस्मो असेल, म्हणजे व्हॉल्व्ह मिटवायलाही स्प्रिंगऐवजी कॅमच असेल, तर व्हॉल्व्ह उघडण्याचा आणि मिटवण्याचा गॅप वेगळा, म्हणजे आठ व्हॉल्व्हचे पुन्हा सोळाच गॅप. मागच्या सिलिंडरची धग मांडीला लागते, मे महिन्यात सिग्नलला उभं राहिलेल्याला ती सांगायला नको.

आता बाहेर आवारात चला. मेन स्टँडवर रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५० उभी आहे. ती व्ही-ट्विन नाही, दोन्ही सिलिंडर शेजारी शेजारी आहेत. पण तिच्या क्रँकच्या पिना २७० अंशांवर आहेत, म्हणजे मात्रा एक आणि चार. यामाहाने १९९५ मध्ये टीआरएक्स ८५० ला हेच केलं होतं. शेजारी पॅडॉक स्टँडवर एक साधी इनलाइन-फोर आहे. दोन्हींच्या किल्ल्या माझ्या खिशात आहेत, इंजिन सुरू करायचं नाही. गाडी टॉप गिअरमध्ये आहे. मागचं टायर दोन्ही हातांनी धरून हळू पुढे फिरवा, बोटं चेनपासून लांब. इनलाइन-फोरवर हात अडेल, सुटेल, अडेल, सुटेल, सारख्या अंतराने. मग इंटरसेप्टरकडे या. कॉम्प्रेशनवर, म्हणजे पिस्टन आतली हवा दाबतो तिथे, हात अडेल, सुटेल, लवकरच पुन्हा अडेल, आणि मग चाक बराच वेळ मोकळं फिरत राहील. एकेकाने या, घाई नाही.