कार्ताहेनाचा तट बांधला कुणी? (निवेदन)

दृश्य: ड्रोन. समुद्र, त्याला लागून तट, आत लाल कौलांची छपरं.

हे कार्ताहेना दे इंदियास, कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं बंदर. 1533 साली पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश माणसानं इथे वस्ती वसवली आणि थोड्याच वर्षांत हे बंदर इतकं श्रीमंत झालं की स्पेनच्या खजिन्याचे ताफे जाता-येता इथेच नांगर टाकायचे, आणि जिथे खजिना तिथे चाचे आलेच. 1586 मध्ये फ्रान्सिस ड्रेक आला, शहर घेतलं, आठवड्यांमागून आठवडे मुक्काम ठोकला, बांधकाम चालू असलेल्या कॅथेड्रलवर तोफा डागल्या आणि 1 लाख 7 हजार डुकाट, म्हणजे त्या काळचं चलन, एवढी खंडणी घेऊनच गेला. त्यानंतर स्पेनच्या राजानं बाउतिस्ता आंतोनेल्ली नावाचा इटालियन इंजिनियर इकडे पाठवला, आणि आत्ता स्क्रीनवर जे दिसतंय त्या सगळ्याची सुरुवात तिथून झाली.

इथे टूर घेण्याचे खूप प्रकार आहेत. क्रूझ जहाजातून उतरलेल्या लोकांना मोठ्या बसमधून फिरवतात, तासाभरात चार ठिकाणं, फोटो, दुकान, परत बस. आम्ही प्रायव्हेट गाईड घेतली. ती हेत्सेमानी नावाच्या जुन्या वस्तीत वाढलेली, गळ्यात गाईडचं कार्ड, हातात छत्री. तिनं एकच गोष्ट आधी विचारली, की तुम्हाला राजे आणि चाचे ऐकायचेत की बांधणारे? आम्ही म्हटलं बांधणारे. म्हणून हा व्हिडिओ असा आहे.

दृश्य: घड्याळाचा मनोरा, खालच्या कमानीतून आत शिरणारी माणसं.

हा शहराचा मुख्य दरवाजा. पूर्वी इथे पाणी होतं आणि पाण्यावर पूल होता, ते पाणी नंतर बुजवलं. वरचा घड्याळाचा मनोरा नंतरचा, 19व्या शतकातला. कमानीतून आत आलं की प्लासा दे लोस कोचेस, तिकोनी चौक, पिवळ्या-केशरी भिंती, वर लाकडी गॅलऱ्या, मध्ये एरेदियाचा पुतळा. आफ्रिकेतून आणलेली माणसं इथे विकली जायची. स्पॅनिश अमेरिकेत गुलाम उतरवण्याची परवानगी असलेल्या मोजक्या बंदरांपैकी हे एक, आणि 1580 ते 1640 पोर्तुगाल आणि स्पेन एकाच राजाखाली होते त्या काळात हा धंदा बराचसा पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या हातात होता.

इथे निवेदन थांबेल. चौकाचा आवाज राहू द्या.

दृश्य: कमानींखालची मिठाईची दुकानं, काचेच्या बरण्या.

चौकाच्या एका बाजूला पोर्ताल दे लोस दुल्सेस, म्हणजे ओळीनं मिठाईवाल्या. नारळाच्या वड्या आहेत, चिंचेच्या गोळ्या आहेत, आणि हा गोल लाडू बघा जरा जवळून. याला अलेग्रिया म्हणतात. बारीक धान्याच्या लाह्या, खोबरं, बडीशेपेच्या चवीचा मसाला, आणि सगळं बांधलंय गुळात, कारण कोलंबियातही उसाचा रस आटवून गूळच करतात, नुसतं नाव वेगळं, पानेला. आपला राजगिऱ्याचा लाडू जसा बोटाला चिकटतो तस्साच हा चिकटतो. रस्त्यावर फळांची पाटी डोक्यावर घेऊन, निळा-पिवळा-लाल घेरदार ड्रेस घालून ज्या बायका उभ्या दिसतात त्याही पूर्वापार हेच विकत आल्यात. त्यांना पालेंकेरा म्हणतात. फोटो काढायचा असेल तर आधी विचारायचं आणि पैसे द्यायचे, त्यांच्या कामाचाच तो भाग आहे. त्यांच्या गावाकडे शेवटी येऊ.

दृश्य: सान पेद्रो क्लावेर चर्च, आतली वेदी, काचेच्या पेटीतले अवशेष.

पेद्रो क्लावेर हा जेझुइट या ख्रिस्ती संघाचा धर्मगुरू 1610 मध्ये इथे आला आणि 1654 मध्ये मरेपर्यंत गुलामांच्या जहाजांवर जाऊन त्यांना पाणी, फळं, औषध देत राहिला. 1888 मध्ये त्याला संत केलं. हे सगळ्या गाईड सांगतात. आमच्या गाईडनं सांगितलं ते दुभाष्यांचं. बंदरात उतरणारी माणसं वेगवेगळ्या आफ्रिकन भाषा बोलायची, क्लावेरला त्या येत नव्हत्या, मग जेझुइटांनी स्वतःच्याच मालकीचे गुलाम दुभाषे म्हणून त्याच्याबरोबर ठेवले. त्यांच्यातला एक आंद्रेस साकाबुचे, मूळचा अंगोलाचा. क्लावेर वारल्यावर त्याला संतपद द्यायची चौकशी झाली तेव्हा या साकाबुचेची साक्ष नोंदवून घेतली गेली, जहाजाच्या तळघरात काय दिसायचं, वास कसा यायचा, क्लावेर काय करायचा, म्हणजे आज आपल्याला हे सगळं जे माहीत आहे त्यातलं कितीतरी एका गुलाम माणसानं बघून सांगितलेलं आहे. चर्चच्या बाहेर चौकात क्लावेरचा ब्राँझचा पुतळा आहे, शेजारी एक आफ्रिकन माणूस आहे. त्या माणसाचं नाव मात्र कुणी सांगत नाही.

दृश्य: तटाचा दगड, अगदी जवळून. गाईडचं बोट दगडावरून फिरतंय.

आता तट. गडकिल्ले बघणाऱ्या मंडळींनी इथे जरा निवांत थांबा, कारण बघण्यासारखं खरं इथे आहे. सगळ्या तटाची लांबी साधारण 11 किलोमीटर होती, त्यातला बराचसा अजून उभा आहे. हा दगड बघा. त्यात वळ्या-वळ्या दिसतायत ना, त्या प्रवाळाच्या. समुद्रातलं जुनं प्रवाळ दगड होऊन बसलंय, ते समोरच्या तिएर्राबोंबा बेटावरच्या खाणींतून फोडायचे आणि होड्यांतून आणायचे. तेच प्रवाळ भट्टीत भाजून चुना करायचे. बाहेरून आणि आतून दगडाची भिंत घ्यायची, मध्ये माती आणि दगडगोटे ठासून भरायचे, वर विटा, आणि सगळं चुन्यात. त्यामुळे तोफेचा गोळा लागला तरी भिंत फुटत नाही, गोळा आत रुततो. जाडी इतकी की वर फांजीवरून, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवरून, गाडी सहज जाईल. बुरूज टोकदार, म्हणजे एका बुरुजावरून दुसऱ्याच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर मारा करता येतो, कुठेच आडोसा मिळत नाही. वसईचा किल्ला ज्यांनी पाहिलाय त्यांना ही रचना लगेच ओळखू येईल, त्याच काळातली तीच युरोपियन पद्धत आहे.

पण शत्रूपेक्षा जास्त नुकसान समुद्रानं केलं. वादळ आलं की लाटा पायथा खायच्या, तट कोसळायचा, परत बांधायचा, परत कोसळायचा, दीड-दोनशे वर्षं हेच चालू होतं. शेवटी 18व्या शतकात आंतोनियो दे आरेवालो या लष्करी इंजिनियरनं डोकं लावलं आणि भिंत वाढवत बसण्यापेक्षा भिंतीपुढे समुद्रातच दगडांचा बांध घातला, लाट आधी तिथे फुटायची. त्याच आरेवालोनं 1771 ते 1778 मध्ये खाडीचं मोठं तोंड, बोकाग्रांदे, पाण्याखाली भिंत घालून बंद केलं. ती भिंत आजही पाण्याखाली आहे. म्हणून आजही मोठ्या जहाजांना लांबचा फेरा घेऊन बोकाचिकाच्या अरुंद तोंडातूनच आत यावं लागतं, आजची क्रूझ जहाजंसुद्धा तिथूनच येतात.

दृश्य: बोटीतून बोकाचिका, सान फेर्नांदोचा किल्ला, समोर सान होसेची तोफांची माची.

एका बाजूला घोड्याच्या नालेच्या आकाराचा सान फेर्नांदो, समोर पाण्याच्या पातळीवर सान होसे, मधून जाणारं जहाज दोन्हीकडून तोफांच्या तोंडी. नकाशावर रेघ मारायला इंजिनियर होते, पण भरतीच्या पाण्यात उभं राहून दगड बसवायला कोण होतं? राजाच्या मालकीचे गुलाम होते, त्यांना सरकारी कागदांत राजाचे गुलाम असंच लिहिलंय, शिक्षा झालेले कैदी होते, रोजंदारीवरचे गवंडी होते. आमची गाईड प्रत्येक बुरुजावर आधी हेच सांगायची आणि मग बुरुजाचं नाव.

दृश्य: सान फेलिपे दे बाराहास, खालून वर.

हा सान फेलिपे. सान लासारो टेकडीवर बांधलाय म्हणण्यापेक्षा टेकडीलाच बाहेरून मढवलंय. माथ्यावरचा लहानसा मूळ किल्ला 17व्या शतकातला, खाली उतरत गेलेल्या तोफांच्या माच्या आरेवालोनं 1762 नंतर जोडलेल्या. हे सांगायलाच हवं कारण पायथ्याला ब्लास दे लेसोचा पुतळा आहे, एक पाय, एक डोळा गमावलेला आणि एक हात निकामी झालेला स्पॅनिश दर्यावर्दी, आणि बघणाऱ्याला वाटतं त्यानं हा एवढा किल्ला लढवला. 1741 मध्ये इंग्रज अ‍ॅडमिरल व्हर्नन 186 जहाजं आणि वीस हजारांवर माणसं घेऊन आला तेव्हा इथे फक्त माथ्यावरचा तो लहान किल्ला होता. लेसोकडे सहा युद्धनौका. इंग्रजांनी बोकाचिका फोडलं, आत आले, एप्रिलमध्ये रात्री टेकडी चढले आणि शिड्या तोकड्या पडल्या. मग पीतज्वर पसरला आणि हजारो माणसं गेली. तिकडे इंग्लंडमध्ये विजय झाला असं समजून लेसो व्हर्ननपुढे गुडघे टेकतोय अशी पदकं पाडून ठेवलेली, ती आजही संग्रहांमध्ये आहेत. लेसो त्याच वर्षी इथेच वारला. आणि हो, या मोहिमेत जॉर्ज वॉशिंग्टनचा सावत्र भाऊ लॉरेन्स होता, त्यांच्या इस्टेटीचं माउंट व्हर्नन हे नाव याच व्हर्ननवरून. आपल्याकडे चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती 1739 मध्ये, म्हणजे याच्या फक्त दोन वर्षं आधी.

दृश्य: बोगदा. टॉर्चचा उजेड, ओल्या भिंती.

आता आत. वाकून चला. बोगदे अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना माणूस उभा राहील एवढे कोनाडे. बाहेरून येणारा उजेडात असतो, कोनाड्यातला सैनिक अंधारात, त्यामुळे आधी कोण दिसणार हे ठरलेलं. इथे आवाज लांबपर्यंत जातो, गाईड पुढे वळणावर जाऊन हळू आवाजात बोलली आणि आम्हाला मागे नीट ऐकू आलं, पावलं ऐकून माणसं मोजता यायची. खालचा बोगदा उतरत जातो आणि शेवटी पाणी लागतं. वरच्या माच्यांची रचना अशी की एक माची शत्रूनं घेतलीच तरी तिच्यावरच्या माचीवरून थेट तिच्यात तोफ मारता येते. नवा सान फेलिपे कुणीही लढून घेतला नाही.

1815 मध्ये मात्र स्पेनपासून स्वतंत्र झालेल्या या शहराला स्पेनच्याच फौजेनं वेढा घातला तेव्हा तट तसाच उभा राहिला आणि आत साधारण एक तृतीयांश लोक उपाशी आणि आजारी पडून मेले.

दृश्य: हेत्सेमानी. रंगवलेल्या भिंती, गल्लीवर टांगलेल्या छत्र्या, त्रिनिदाद चौक.

तटाच्या आतल्या श्रीमंत भागाच्या बाहेर, पुलापलीकडे, कारागिरांची वस्ती ती हेत्सेमानी. लोहार, सुतार, शिंपी, बरेचसे कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय. चौकात पेद्रो रोमेरोचा पुतळा आहे. हा क्युबाहून आलेला लोहार, शस्त्रागाराच्या कामात होता. 11 नोव्हेंबर 1811 ला या चौकातून लोक निघाले, पूल ओलांडला, शस्त्रं ताब्यात घेतली, आणि आत बैठकीला बसलेल्या मोठ्या लोकांना स्पेनपासून पूर्ण स्वातंत्र्याच्या कागदावर सही करायला लावली. आज 11 नोव्हेंबर हा कार्ताहेनाचा मोठा सण आहे. गाईड हा भाग सांगताना स्पॅनिशवर गेली, आम्ही ते तसंच ठेवलंय, खाली मराठी सबटायटल आहेत.

या गल्ल्यांत आता हॉटेलं आणि होस्टेलं झालीत, भाडी वाढलीत, जुनी घरं एकेक करून विकली जातायत.

दृश्य: तटाचा तुटलेला शेवट, पलीकडे रस्ता आणि बसेस.

तट इथे मध्येच का तुटतो असं बरेच जण विचारतात. तोफेनं नाही तोडला. 19व्या शतकाच्या अखेरीपासून 1920 च्या दशकापर्यंत शहर मोठं करायचं म्हणून लोकांनीच सुरुंग आणि पहारी लावून तुकडे पाडले. पुढे ते थांबलं, आणि 1984 मध्ये बंदर, किल्ले आणि जुनं शहर युनेस्कोच्या यादीत गेलं.

दृश्य: रस्ता, कमान, पालेंके.

टूर साधारण अर्ध्या दिवसाची. सकाळी लवकर निघा, दहानंतर दगड तापतो. दुसरा दिवस हातात असेल तर गाडी करून सान बासिलिओ दे पालेंकेला जा, 50 किलोमीटरवर आहे. त्या फळवाल्या बायकांचं गाव ते हेच. कार्ताहेनातून पळालेल्या गुलामांनी वसवलेलं, त्यांच्या नेत्याला, बेंकोस बिओहोला, 1621 मध्ये कार्ताहेनात मारलं, तरी पळालेल्यांच्या वस्त्या टिकल्या आणि 18व्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनला या लोकांचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं. आफ्रिकन आणि स्पॅनिश मिसळून झालेली त्यांची स्वतःची भाषा आजही बोलली जाते, 2005 मध्ये युनेस्कोनं त्यांच्या संस्कृतीची दखल घेतली. चौकात बिओहोचा पुतळा आहे, हात पुढे, साखळी तुटलेली. कार्ताहेनातून गाईड घेऊन जाऊ नका, गावात पोचून गावातलाच माणूस घ्या, पैसे त्याच्या हातात द्या आणि त्याला त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोलायला सांगा.